पंडिता रमाबाईंनी कबूल केलेला गर्व
(हीरकमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



नम्रतेचा विषय निघाला की ख्रिस्ती उपदेशक बहुधा येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीचा दाखला देतात. दाखला योग्यच, परंतु वारंवार ऐकल्याने तो आता कोणाला बोचत नाही. पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलेली एक कबुली मात्र अजून बोचते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्री पुराणे सांगत. मिळेल त्या दक्षिणेवर कुटुंबाची गुजराण चाले. १८७० च्या दशकातील दुष्काळात दक्षिण भारतात भ्रमण करीत असता ही दक्षिणा आटली. दागिने, वस्त्रे, भांडी विकून झाली. उपास घडू लागले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण निवर्तली. उरले रमाबाई व बंधू श्रीनिवास. दोघे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

या मृत्यूंकडे वळून पाहताना त्यांनी सारा दोष अवर्षणावर टाकला नाही. जातीचा आणि विद्वत्तेचा अभिमान आडवा आला. एखादा उद्योग शिकण्यासाठी कोणी वाकले नाही, अन्यथा आईवडिलांचे प्राण वाचते, असा त्यांचा स्वतःविषयीचा निवाडा होता. तो कदाचित अतिकठोर असेल. त्या वेळी त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. परंतु ज्या गोष्टीला जग 'घराण्याची अब्रू' म्हणून मान देते, तिला त्यांनी गर्व हे नाव दिले, हे ध्यानात घ्यावे.

याउलट, इतरांनी ज्याला गर्व म्हटले ते त्यांनी सोडले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्ममतांविषयी त्या तेथील भगिनींना निर्भीडपणे प्रश्न विचारीत. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. सिस्टर जेरल्डीन यांना यात अहंकार दिसला. वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न न विचारणे म्हणजे नम्रता, ही समजूत केवळ वाँटेजची नव्हे. कित्येक घरांत आणि शाळांतही ती नांदते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उद्धट ठरवणे फार सोपे असते.

रोजच्या ख्रिस्ती जीवनात गर्व ओळखणे अवघड जाते ते यामुळेच. तो स्वतःच्या नावाने येत नाही. रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतलेली व्यक्ती सोमवारी मोलकरणीसाठी वेगळा कप ठेवते आणि त्याला 'स्वच्छता' म्हणते. मुलाच्या हाती वर्गात झाडू दिला म्हणून पालक तक्रार करतात. मुलाने वायरमनचे काम शिकायचे ठरवले की नातेवाइकांसमोर विषय बदलतात. देणगीच्या पाटीवरील नावाचा टाइप लहान आहे, ही कुरकूर तर हीरकमहोत्सवाच्या वर्षात सर्वांच्याच कानी येते.

रमाबाईंनी आपल्या कबुलीचे काय केले, ते केडगावी दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी उभारलेल्या मुक्तिसदनात अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धव्यवसाय, छपाई अशी कामे शिकवली जात. आपल्या घराने ज्याला हात लावला नाही, तेच त्यांनी मुलींच्या हाती दिले.

अखेरची कसोटी विद्वत्तेची होती. संस्कृतात गाढ पारंगत असलेल्या या स्त्रीला बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर सामान्य बायकांना कठीण वाटते, असे दिसून आले. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे खपून त्यांनी नवे भाषांतर केले. पदव्या मिळवून देणारी प्रौढ, संस्कृतप्रचुर भाषा बाजूस ठेवून त्यांनी साधी बोली निवडली. काम पूर्ण होताच थोड्या अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत त्या ग्रंथाचे काम तेथील स्त्रियांनीच केले.