भोपळ्यातला षड्ज

घरगुती बैठकीत गवयाच्या आधी तंबोरा बोलतो. त्याचा तो घुमारा येतो कुठून? पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून! तिथला कडू भोपळा वाळून मिरजेला येतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. तेही मिरजेच्या दर्ग्यातच विसावले आहेत. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकनानं भोपळा पिकत नाही. अवकाळी पावसात पीक कुजलं आणि शेतकरी उसाकडे वळला, तर तंबोरा कशाचा करणार? गवयाला दाद जरूर द्या. भोपळेवाल्याला मात्र भाव द्या.