टांगेवाल्याच्या मुलाच्या आठवणी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



चिटणीससाहेब निमंत्रण घेऊन आले तेव्हा त्यांनी 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचवला होता. मी म्हटले, साहेब, हा विषय आपल्या मुलांनी दरवर्षी ऐकला आहे. शिवाय मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून. त्यात मी नवीन काय सांगणार? मला घोड्यांविषयी बोलू द्या. ते हसले, पण परवानगी दिली. तेव्हा पुढील अर्धा तास कंटाळा आला तर दोष माझा, संस्थेचा नव्हे.

आज वसई रोड स्टेशनबाहेर पाऊल टाकले की रिक्षांची रांग दिसते. माझ्या लहानपणी तेथे टांगे उभे असत. स्टेशनपासून माणिकपूर, भाबोळा, तामतलाव करीत पारनाक्यापर्यंत. पहाटेच्या गाडीसाठी केळी, फुले, भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला निघालेल्या बायका आणि पुरुष. मागून कचेरीचे बाबू. त्या टांग्यांपैकी एक माझ्या वडिलांचा होता. घोडी होती मोती. अब्बा पहाटे साडेतीनला उठत. आधी घोडीला पाणी आणि चंदी, मग खरारा, मग साज. स्वतःचा चहा त्यानंतर. माझे काम तोबरा भरण्याचे आणि लीद काढण्याचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आपा खरारा करी, आणि तो माझ्यापेक्षा चांगला करी.

घोडा हे आपल्या कोकणातले जनावर नव्हे. दमट हवा आणि भाताची चिखलट जमीन त्याला मानवत नाही. म्हणून जुन्या काळी तो समुद्रावरून आणावा लागे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहिताना नमूद केले आहे की, तेथील राजाने चाच्यांशी करार केला होता. लुटीतला बाकीचा माल त्यांचा, पण घोडे राजाचे. घोड्याला एवढी किंमत! तेव्हा आपल्या किनाऱ्यावर घोडा आणि त्याला सांभाळणारा माणूस हे दोघेही बराच लांबचा प्रवास करून आलेले आहेत, एवढे म्हणायला हरकत नाही.

मदरशात सूरा आदियात पाठ करीत होतो तेव्हा मौलवीसाहेबांनी सांगितले की, यात धावणाऱ्या घोड्यांची शपथ आहे आणि त्यांच्या टापांतून ठिणग्या उडतात. मी घरी येऊन अब्बांना विचारले, खरेच ठिणग्या उडतात का? ते काही बोलले नाहीत. रात्री शेवटची गाडी सोडून परतताना मला शेजारी बसवले, कंदील विझवला आणि दगडी फरसबंदीच्या तुकड्यावर मोतीला दुडक्या चालीने काढले. नालेखालून दोन-तीन ठिणग्या उडाल्या. मला वाटते, माझ्या आयुष्यातले विज्ञानाचे पहिले प्रात्यक्षिक तेच.

अब्बांना सही करता येत होती, वाचता येत नव्हते. परंतु ते घोडा वाचीत. दात पाहून वय सांगत. कपाळावरचा आणि गळ्यावरचा भोवरा पाहून खरीददार काय बोलेल ते आधीच सांगत. गळ्याशी देवमन भोवरा असला की भाव चढतो. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला की तो पंचकल्याण, त्याचाही भाव चढतो. ते स्वतः मात्र म्हणत, "भोवरा गाडी ओढत नाही, खूर ओढतो." दमून आलेल्या घोड्याला पाणी दाखवण्यापूर्वी ते त्याच्या डाव्या कोपरामागे कान लावून ठोके मोजीत. घड्याळ नव्हते, स्वतःच्या श्वासावर मोजीत. ठोके उतरल्यावरच पाणी.

आणि या माणसाचा मुलगा असल्याची मला लाज वाटत असे.

पाचवीत गेलो तेव्हा शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'व्यापार' लिहिले. मास्तरांनी विचारले, कसला? मी म्हटले, घासदाण्याचा. ते खोटेही नव्हते. रोज पाच शेर चण्यांचा व्यवहार आमच्याकडे होताच. लग्नसराईत आमची घोडी वरातीला जाई. लगाम धरून मी पुढे चालत असे. वरातीत वर्गातला मुलगा दिसला की मी घोडीच्या पलीकडच्या बाजूला जाई. मोतीला ते आवडत नसे. तिला मी डाव्या बाजूला हवा असे.

मोतीला शिंगरू झाले. रंग कुमैत, पंचकल्याण. नाव ठेवले बादल. अब्बांनी तेव्हाच ठरवले की याला टांग्याला जुंपायचे नाही. वाढवून सारंगखेड्याच्या बाजारात न्यायचे. आलेल्या पैशातून टांग्याची नवी चाके आणि माझ्या पुढच्या शिक्षणाची सोय. चार वर्षे आम्ही त्याला घडवले. तो दोन वर्षांचा होईपर्यंत पाठीवर कोणी बसायचे नाही, फक्त दोरीवर चालवायचे. मग हलके वजन म्हणून आधी आपा, नंतर मी. ओहोटीच्या वेळी समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर आम्ही त्याला फिरवीत असू. आपाची बैठक इतकी सरळ की कोळीवाड्यातले म्हातारे जाळे टाकायचे थांबून पाहत. ती तेरा वर्षांची झाली आणि घरातून सांगण्यात आले की आता पुरे. तिने वाद घातला नाही. ती वाळूवर उभी राहून मला ओरडून सुधारीत असे. "गुडघा! गुडघा आत! त्याच्या तोंडावर लटकू नकोस!"

बादलला तिनेच रेवाल चाल शिकवली. दुडकीत घोडा स्वाराला उसळवतो; रेवाल चालीत त्याची पाठ हलत नाही. बाजारात तिची परीक्षा अशी घेतात की स्वाराने हातात पाण्याने भरलेला पेला धरायचा आणि घोडा वेगाने काढायचा. पाणी सांडले तर भाव सांडला. आम्ही आईचा पितळी पेला वापरीत असू. त्याला किती पोचे पडले याचा हिशेब आईकडे होता.

१९७३ चा जून महिना. मी बारा वर्षांचा. संध्याकाळी बादलला चंदी देऊन चण्याच्या पेटीचे झाकण लावायचे माझे काम. मित्र हाका मारीत होते, मी धावलो. झाकण उघडे राहिले आणि बादलची दोरीही सैल राहिली. रात्रीत त्याने पेटी रिकामी केली.

घोड्याला ओकारी येत नाही. एकदा पोटात गेले ते परत फिरत नाही, हे येथील किती मुलांना माहीत आहे? दाणा फार झाला की पोटात विकार होतो आणि त्याचा ताप खुरांत उतरतो. सकाळी बादल पुढचे पाय लांब टाकून, सारे वजन मागे घेऊन उभा होता. अब्बांनी खुरांवर हात ठेवला आणि ओळखले. त्यांनी त्याला तलावाच्या थंड चिखलात नेऊन उभे केले. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर दुपारी आले, त्यांनी औषध दिले आणि सांगितले, चिखलातच ठेवा. तीन दिवस मी आणि आपा आळीपाळीने त्याचे तोंड धरून गुडघाभर पाण्यात उभे होतो. अब्बा टांगा हाकून येत, पाहत आणि परत जात. मला एक शब्द बोलले नाहीत. मारले असते तर बरे वाटले असते.

बादल वाचला. दोन महिन्यांनी चालूही लागला. परंतु खुरावर एक कडे उमटले. खूर वरून खाली वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटरहून थोडा कमी. त्यामुळे आजाराचे कडे हळूहळू खाली सरकते आणि पंजापर्यंत पोहोचायला वर्ष जवळजवळ लागते. जाणत्याला ते कडे पाहून महिना सांगता येतो. वाळूवर तो पूर्वीसारखाच चाले. कठीण सडकेवर मात्र मैलभरानंतर पुढचा उजवा पाय जपू लागे.

डिसेंबरात आम्ही दोघा-तिघांनी मिळून ट्रक केला. कसारा घाट, नाशिक, धुळे, दोंडाईचा आणि तापीकाठचे सारंगखेडे. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. काठेवाडी, मारवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. मी एवढे घोडे एका जागी कधी पाहिले नव्हते. आदल्या वर्षीच्या दुष्काळात पुष्कळांनी जनावरे विकली होती, त्यामुळे घेणारेही बरेच होते.

दुसऱ्या दिवशी मी बादलला मैदानात काढले. हातात आईचा पेला. दोन फेऱ्या, रेवाल चाल, आणि पाण्याचा थेंब सांडला नाही. लोक गोळा झाले. मित्रहो, त्या दोन फेऱ्यांत मी टांगेवाल्याचा मुलगा नव्हतो, शहाजादा होतो. गुजरातेकडचे एक व्यापारी पुढे आले. व्यवहार रुमालाखाली बोटे दाबून होतो, बाहेरच्याला आकडा कळत नाही. अब्बांनी नंतर सांगितले, चौदाशे रुपये. आमच्या टांग्याची कित्येक महिन्यांची कमाई.

अब्बांनी हात सोडवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "उतर. शेटना सांग जूनमध्ये काय झालं."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. ते पुन्हा म्हणाले, "तुला ठाऊक आहे ते सांग. खूर दाखव."

साऱ्या घोळक्यासमोर मी बादलचा पाय उचलला, कडे दाखवले आणि पेटीचे झाकण कोणी उघडे ठेवले ते सांगितले. माझा आवाज फुटत नव्हता. व्यापारी थोडा वेळ खुराकडे पाहत राहिले. म्हणाले, "मला वरातीला हवा आहे, डांबरी सडकेवर. हा चालणार नाही." आणि निघून गेले. संध्याकाळी शहाद्याकडच्या एका शेतकऱ्याने बादलला सहाशेला घेतले. त्यांची काळी मऊ जमीन. तेथे तो सुखाने चालेल, असे अब्बा म्हणाले. परतीच्या ट्रकमध्ये मी पेला मांडीवर घेऊन बसलो होतो. अब्बा झोपले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते.

पुढच्या जूनमध्ये फॉर्मवर मी 'टांगा चालवणे' असे लिहिले. पण येथे मोठेपणा घेणार नाही. काही वर्षांनी बँकेच्या अर्जात पुन्हा 'व्यापार' लिहिले होते. लाज एकदा घालवली की कायमची जाते असे नाही.

आमचा टांगा १९८४ मध्ये बंद झाला. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. जनावरांचे हाल होत होते हे खरे आणि निर्णय योग्यच, असे माझे मत आहे. उन्हात, डांबरावर, अर्धपोटी उभा घोडा मी पाहिला आहे. तो पाहून अब्बाही भांडायला जात. मात्र गाड्यांबरोबर ती माणसेही गेली, आणि त्यांना जे येत होते ते कोणी विचारून घेतले नाही. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. खुराचा ताप, त्याचे कडे, त्याची वाढ हे सारे तेथे शिकवले जाते. आमच्या घरातून तेथे कोणी गेले नाही. जाता येते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. येथील मुलांपैकी ज्यांच्या घरी जनावर आहे, कातडे आहे, जाळे आहे, लोखंड आहे, त्यांनी आज घरी जाऊन वडिलांना एक प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहून आणावे. शिक्षकांनी ती वही तपासावी, एवढी माझी विनंती आहे.

घोडेस्वारी आता श्रीमंतांचा छंद समजली जाते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने या खेळात तीन सुवर्णपदके मिळवली, ती बहुतांशी लष्करातल्या स्वारांनी. २०२३ मध्ये हांगचौ येथे आपल्या चमूने ड्रेसाजमध्ये सुवर्ण मिळवले. त्यात घोडा कसा चालतो यालाच गुण असतात. टीव्हीवर पाहताना मी नकळत गुडघा आत घेत होतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात केरळच्या निदा अंजुम या मुलीची बातमी आली. फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत तिने १२० किलोमीटरची दौड पूर्ण केली. तेथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय. या दौडीत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजतात. ठोके उतरले नाहीत तर घोडा बाद, स्वार कितीही ताजा असला तरी.

मी आपाला फोन करून बातमी वाचून दाखवली. तिचे वय आता सत्तरीला टेकले आहे, गुडघे धरले आहेत. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारले, "घोडा की घोडी?"

मी म्हटले, घोडी. नाव एप्सिलॉन सालू.

"ठोके कोण मोजतं म्हणालास?"

मी म्हटले, डॉक्टर मोजतात, यंत्राने.

"डाव्या कोपरामागेच ना?" आपाने विचारले.