स्मृतिभ्रंश आणि वर्तनाचे मोजमाप



स्मृतिभ्रंश म्हटला की प्रथम विस्मरण डोळ्यांसमोर येते. परंतु कुटुंबाला जेरीस आणतो तो बहुधा वर्तनातील बदल. दागिने सुनेनेच घेतले असा आरोप, दिवेलागणीला ‘माझ्या घरी जायचे आहे’ असा हट्ट, रात्रभर येरझारा, स्नानाच्या वेळी अंगावर धावून जाणे ही सारी आजाराची लक्षणे असतात. घरात मात्र ‘म्हातारपणी स्वभाव बिघडला’ असा निवाडा होतो आणि आयुष्यभराची नाती दुरावतात.

ही लक्षणे वैद्यकशास्त्राला नवी नाहीत. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे डॉ. अल्झायमर यांनी तपासलेल्या आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीच्या आजाराची सुरुवातच पतीविषयीच्या संशयाने झाली होती. तरीही पुढे दीर्घकाळ स्मरणशक्तीच्या चाचण्यांवरच अधिक भर राहिला. १९९४ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेफ्री कमिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यूरोसायकिॲट्रिक इन्व्हेंटरी’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरली जाते.

या प्रश्नावलीत उत्तरे रुग्ण देत नाही. त्याच्यासोबत राहणारी, त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती देते. भ्रम, भास, आक्रमकता, खिन्नता, चिंता, अकारण हर्ष, निरिच्छता, संयम सुटणे, चिडचिड आणि निरर्थक हालचाली असे मूळ दहा विभाग होते. झोप आणि भूक हे दोन नंतर जोडले गेले. लक्षण किती वेळा दिसते यास १ ते ४ आणि त्याची तीव्रता किती यास १ ते ३ गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. रोज दिसणारा, मध्यम तीव्रतेचा संशय म्हणजे ४ गुणिले २, अर्थात ८. उपचारानंतर तो आठवड्यातून एकदा व सौम्य झाला, तर गुण २ होतात. ‘थोडे बरे वाटते’ या मोघम वाक्याला असा निश्चित अर्थ प्राप्त होतो.

निरिच्छता हा यातील सहज निसटणारा विभाग. रुग्ण दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो, कशातच रस घेत नाही. त्याचा कोणाला त्रास होत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. ‘आता शांत झाले आहेत’ असे घरचे समाधानाने म्हणतात. प्रश्नावली मात्र त्याविषयीही विचारते.

मोजमापाचे महत्त्व औषधाच्या वेळी विशेष जाणवते. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. म्हणून अशांततेमागे वेदना, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा ऐकू न येणे यांपैकी काही आहे का, हे आधी पाहावे लागते. औषध द्यावेच लागले, तर आधीचे आणि नंतरचे गुण पाहून ते चालू ठेवावे की थांबवावे, हे डॉक्टरांना ठरवता येते. नोंदच नसेल, तर एकदा सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. थकलेल्या माणसाला तेच वर्तन अधिक तीव्र भासू शकते. यास्तव दर वेळी उत्तरे शक्यतो एकाच व्यक्तीने द्यावीत. घरी एक साधी वही ठेवली, तरी डॉक्टरांना मोठी मदत होते. काय घडले, किती वाजता, त्याआधी काय झाले होते आणि रुग्ण कशाने शांत झाला, एवढे त्यात टिपावे.

याच प्रश्नावलीत आणखी एक रकाना आहे. प्रत्येक लक्षणाचा शुश्रूषा करणाऱ्यास किती मनस्ताप होतो, यास ० ते ५ गुण दिले जातात. ते रुग्णाच्या गुणांत मिळवीत नाहीत, स्वतंत्र लिहितात. तासाभरासाठी भेटीस आलेल्या नातेवाइकांसमोर रुग्ण पुष्कळदा नीट बोलतो. ‘आम्हाला तर चांगले दिसतात’ असे म्हणून ते निघून जातात आणि रात्र जागणारी सून किंवा वृद्ध पत्नी खोटी ठरते. त्यांना मत देण्यापूर्वी नातेवाइकांनी ती वही वाचावी आणि जमेल तेव्हा एखादी रात्र स्वतः जागावी.