दुपारच्या पाण्याचा दाखला



 सूक्ष्मजीवशास्त्राचे आपले हे संमेलन मालवणात भरले आहे. अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असा आपला प्रघात आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू, जनुकीय चाचण्या, सांडपाण्यावरून साथीचा माग, सगळीकडे चांगले काम झाले. निबंध तुमच्या हाती आहेतच. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षे थांबलो आहे.

आपण समुद्राचे पाणी चुकीच्या वेळी घेतो, त्यातला चुकीचा जिवाणू मोजतो आणि त्या आकड्याच्या भरवशावर माणसांना पाण्यात उतरवतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत पोहण्याचा समुद्र ‘एसडब्ल्यू-२’मध्ये येतो. त्याला सूक्ष्मजीवांची कसोटी एकच: १०० मिलिलिटरमागे १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म. आता नदीचे बघा. नदीतल्या आंघोळीच्या पाण्याला कोलिफॉर्मबरोबर विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकॉकायचीही मर्यादा आहे. १०० असावेत, ५००च्या वर नसावेत. म्हणजे जो जिवाणू खाऱ्या पाण्यात तग धरतो तो आपण गोड्या पाण्यात मोजतो, आणि जो खार व ऊन लागताच काही तासांत मान टाकतो त्याच्यावर समुद्राची स्वच्छता ठरवतो. हे कुणी कसे चालवून घेतले?

जगात हा वाद केव्हाच मिटला आहे. व्हिक्टर कॅबेली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्क, बोस्टनच्या किनाऱ्यांवर पोहणाऱ्यांची विचारपूस केली. पोट बिघडण्याशी नाते जुळले ते एन्टेरोकॉकायचे, म्हणजे याच स्ट्रेप्टोकॉकायच्या कुळातल्यांचे. कोलिफॉर्मचे नव्हे. १९८६मध्ये अमेरिकेने आपला निकष बदलला. पुढे ब्रिटनमध्ये डेव्हिड के आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले, एक पाण्यात, एक काठावर. १९९४च्या त्यांच्या निबंधातही हेच जिवाणू पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००३मध्ये समुद्रासाठी हीच मोजणी सांगितली.

आपल्यातले काही जाणकार म्हणतात, हे थंड देशांचे शास्त्र. आपल्याकडे एन्टेरोकॉकाय उबदार वाळूत, कुजत्या शेवाळात आपसूक वाढतात, आकडा फुगतो. वाढतात, मला मान्य आहे. पण याच तालुक्यातल्या एका नाल्याच्या तोंडाशी मी नमुने घेतले, आणि त्याच वाळूवर, दोन हाका अंतरावरही घेतले. नाल्यापाशी गाळणकागदाचे चौकोन लालभडक वसाहतींनी भरून गेले, दुसरीकडे मोजायला वसाहत सापडेना. वाळूच जर हे पिकवत असेल तर तिने दोन्हीकडे पिकवायला हवे होते.

आणि वेळ. रापण ओढणारा एक म्हातारा मला म्हणाला होता, “सर, पाणी सकाळचा घेवा. दुपारच्यान काय गावाचा नाय.” मी त्याचे ऐकले. पहाटेच्या पाण्याच्या नळ्यांत डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा ठसठशीत दिसला. दुपारी दोनला त्याच जागी घेतलेल्या पाण्याच्या नळ्या गप्प. कोलिफॉर्मच्या हिशेबाने समुद्र काही तासांत शुद्ध झाला! एन्टेरोकॉकायची थाळी मात्र दुपारीही तांबडीच होती. थाळीतला गाळणकागद पित्त-एस्क्युलिनच्या माध्यमावर उचलून ४४ अंशांना ठेवला, तर वसाहतींखाली काळे डाग उमटले. पण नमुना घेणाऱ्या साहेबाची गाडी ओरोसहून, कुडाळहून निघते, चहापाणी होते आणि नमुना घेतला जातो भर उन्हात. असा आहे आपला दाखला.

हा जिल्हा स्वच्छतेत मागे नाही. २०१६मध्ये मैदानी भागातला देशातला सर्वांत स्वच्छ ग्रामीण जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचा गौरव झाला. घरोघरी शौचालय आले, ही मोठी गोष्ट. पण देवबागला जाऊन बघा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तीवर न्याहारी-निवास. वाळूत खणलेला शोषखड्डा आणि खालचे पाणी यांत अंतर किती राहते? भरती-ओहोटीबरोबर ते पाणी कुठे जाते, हे मोजायचे काम आपले आहे.

आजारी कोण पडते हेही आपल्याला दिसत नाही. तारकर्लीला डुंबलेला पाहुणा पुण्या-कोल्हापुरात पोहोचतो आणि तिथे त्याचे पोट बिघडते. दोष लागतो सुरमईला नाहीतर तिखट सांबाऱ्याला. मालवणी स्वयंपाक करणाऱ्या बायांनी वर्षानुवर्षे ऐकून घेतलेला हा दोष कित्येकदा पाण्याचा असेल, याचे मला फार वाईट वाटते.

आकडे जाहीर केले तर पर्यटन बुडेल, असे मला नेहमी ऐकवले जाते. पण २०२५मध्ये श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर आणि लाडघर या किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. त्यासाठी १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय २५०च्या आत आणि एन्टेरोकॉकाय १००च्या आत दाखवावे लागतात, आणि तो निकाल किनाऱ्यावर लावावा लागतो. त्या यादीत सिंधुदुर्गाचा एकही किनारा नाही.

म्हणून माझी मागणी. नमुना उजाडताना, कमरेएवढ्या पाण्यात, हातभर खालून घ्यावा, बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत यावा, एन्टेरोकॉकाय मोजावेत. नमुने कोणी आणायचे, खर्च कोणत्या खात्यातून, हे संध्याकाळच्या बैठकीत बघू. महाविद्यालये तयार होतील असे मला वाटते. डिसेंबरात इथल्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणासाठी मुले येतील. त्यांच्या आईबापांना वाचता येईल असा मराठीतला फलक, त्या आठवड्याच्या आकड्यासह, तिथे लागलेला असला पाहिजे. आजच्या ठरावांत हा ठराव पहिला घ्या.