बॅटरीसही वारा हवा

ठाणें, कल्याण, डोंबिवली या शहरांत विजेवर चालणाऱ्या दुचाकी आतां सर्रास दिसतात. खालीं विजेची सोय नसली म्हणजे मंडळी लिथियम बॅटरी काढून वर घरांत आणतात व निजतांना भरावयास लावतात.

ही बॅटरी चालतांना तापते, भरतांनाही तापते. आंतील एखादा घट बिघडून उष्णता बाहेर पडण्यापेक्षां वेगानें वाढूं लागली, कीं ती शेजारच्या घटांसही पेटविते. मग ती आग आवरणें कठीण. २०२२ च्या सप्टेंबरांत, पूर्वी ठाणें जिल्ह्यांत असलेल्या वसईस, घरांत भरावयास लावलेल्या अशा बॅटरीचा स्फोट झाला. जवळच निजलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढें दगावला.

यास्तव उन्हांतून आलेली बॅटरी आधीं निवूं द्यावी. बहुतेक लिथियम घट ४५ अंशांहून अधिक तपमानांत भरूं नयेत. ती गादीवर, पांघरुणाखालीं अथवा दाराच्या वाटेंत ठेवूं नये. मोकळ्या फरशीवर, हवेशीर जागीं ठेवावी. जागेपणींच भरावी. फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी तर मुळींच भरूं नये. सोसायट्यांनीं तळमजल्यावर हवेशीर सोय केली, तर ही धग माणसांच्या उशाशीं येणारच नाहीं.