बिकिनीचें आमंत्रण

आपलें अत्यंत गुप्त अस्त्र उडवून पाहावें आणि तें पाहण्यास वर्तमानपत्रांना बोलावणें धाडावें, हा प्रकार विलक्षणच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत १६ जुलै १९४५ रोजीं पहिला अणुस्फोट झाला, तेव्हां दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला असें खोटें पत्रक अमेरिकन लष्करानें काढलें होतें. वर्षभरानें बिकिनीस मात्र सारें उलट झालें.

पॅसिफिक महासागरांतील या कंकणाकृति प्रवाळद्वीपावरील १६७ रहिवाशांना मार्च १९४६ मध्येंच हलविण्यांत आलें. कंकणाच्या पोटांतील शांत पाण्यांत ९० हून अधिक लहानमोठीं जहाजें लक्ष्य म्हणून नांगरलीं. 'ॲपालाचियन' हें आरमारी जहाज खास बातमीदारांसाठीं राखून ठेविलें; त्यावर ते १०० हून अधिक होते. १ जुलै रोजीं विमानांतून बाँब पडला. तो नेमलेल्या 'नेवाडा' जहाजापासून सुमारें ७०० यार्ड ढळला, अवघीं ५ जहाजें बुडालीं, आणि दूरवर थांबलेल्या बातमीदारांच्या कानीं आवाजहि फारसा आला नाहीं. प्रलय पाहावयास आलेल्यांची निराशा झाली व तीच जगभर छापली गेली. जें दिसलें तेंच त्यांनीं लिहिलें. त्यांना तरी दोष कसा द्यावा?

२५ जुलैचा दुसरा स्फोट पाण्याखालीं ९० फुटांवर झाला. यावेळीं बातमीदार घटले होते, आणि खरी बातमी तर येथेंच होती! किरणोत्सर्गी पाण्याचा लोंढा जहाजांवर कोसळला. खलाशी साबण व ब्रश घेऊन डेक घासूं लागले. परंतु हा मळ घासून जाणारा नव्हता. अखेर कर्नल स्टॅफर्ड वॉरेन यांनीं ॲडमिरल ब्लँडी यांच्यापुढें एक चित्र ठेविलें. तेथील एका माशानें आपल्या अंगांतील किरणोत्सर्गानेंच स्वतःची आकृति उमटविली होती. १० ऑगस्टला धुलाई थांबली. यजमानानें दिलेल्या जागेवरून ढग दिसे, मासा दिसत नसे.

१ मार्च १९५४ रोजीं तेथेंच महाभयंकर हायड्रोजन बाँब उडविला, तेव्हां बातमीदारांना बोलावलेंच नाहीं. २८ अमेरिकन व २३६ बेटवासी यांना किरणोत्सर्गाचा अनपेक्षित संसर्ग झाला, कोणी भाजलेलें नाहीं, सर्वांची प्रकृति ठीक आहे, असें ११ मार्चचें सरकारी पत्रक सांगत होतें. तीन दिवसांनीं जपानांतील यायझू बंदरांत 'फुकुर्यू मारू' ही मासेमारी नौका परतली. तिच्यावरील २३ जणांचीं अंगें आकाशांतून पडलेल्या पांढऱ्या राखेनें भाजलीं होतीं. १६ मार्चच्या 'योमिउरी' पत्रांत ती हकीकत आली. ती त्या पत्राच्या यायझू येथील बातमीदारानें मिळविली होती.