‘पोट बिघडलंय’ म्हणू नका



हा विषय जेवणाच्या आधी ठेवला म्हणून आयोजकांना टोमणे ऐकावे लागलेत. असू दे.

वस्तीतल्या दवाखान्यात मी बरीच वर्षं पेशंट तपासते. शौचाच्या जागी त्रास होणारी विशी-पंचविशीतली मुलं-मुली आत येऊन सांगतात, “पोट बिघडलंय.” पोटाबद्दल बोलणं होतं. मग उठून दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणतात, “थोडं रक्तपण जातं.” तोवर पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला असतो.

म्हणून पहिलं वाक्य घरूनच ठरवून या. “तीन आठवडे झाले, शौचाला रक्त पडतं आणि नंतर तासभर आग होते.” एवढं पुरे. तोंडातून निघत नसेल तर मोबाइलवर लिहा आणि डॉक्टरांपुढे धरा.

रोगाचं नाव मात्र तुम्ही ठरवू नका. आपल्या घरांत सगळ्यालाच बवासीर म्हणतात, लोकलच्या डब्यातल्या जाहिरातीही तेच सांगतात. ती फिशर असू शकते, गळू, भगंदर, आतड्याची सूज, क्वचित कर्करोगही. तुमच्या वयात बहुतेकदा साधंच निघतं, पण ते तपासल्यावर.

रक्त नीट पाहून या. लोट्याने धुताना ते पाण्यात पसरून फार वाटतं, नाहीतर वाहून जातं आणि दिसतच नाही. लाल आहे की काळपट? मळात मिसळलेलं की वरून थेंब थेंब? लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, म्हणून चालू औषधांची पाकिटं आणा, हकीमसाहेबांचं चूर्णसुद्धा. जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, ते अम्मीला विचारा. रोज्यांत पाणी कमी पडून मळ घट्ट होतो. त्रास रमजानात सुरू झाला असेल तर तेही सांगा.

शारीरिक संबंधांबद्दल विचारलं तर दचकू नका. काही संसर्ग त्या वाटेने होतात, म्हणून विचारतात. तुमचं चारित्र्य कुणी तपासत नसतं. सोबतच्या माणसासमोर बोलायचं नसेल तर त्याला बाहेर बसवा.

तपासणीची भीती सगळ्यात मोठी. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, अंगावर चादर. हातमोजा, जेली, एक बोट. कधी एक छोटी नळी आत घालून बघतात. एक-दोन मिनिटांचं काम. त्यासाठी उपाशी राहायला नको, घरी एनिमा नको. मुलींनी महिला डॉक्टर आहेत का विचारावं, नसतील तर नर्सला शेजारी थांबवावं. फार दुखलं तर “थांबा” म्हणा, थांबावंच लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा. रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल, मळ डांबरासारखा काळा होत असेल किंवा ताप येऊन त्या जागी गाठ ठणकत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

आता प्रश्न विचारा. चिठ्ठीवर नाव न घालता लिहिलंत तरी चालेल.